परमुलखी गेलेल्या लेकराचा गोतावळा



आपल्या खेड्यापाड्यांतील मुले-मुली आता कृषी महाविद्यालयात शिकता शिकता चार-सहा महिन्यांसाठी परदेशातील विद्यापीठात जाऊ लागली आहेत. एक सत्र तिकडे शिकायचे, परीक्षा द्यायची आणि परत येऊन पदवी इथलीच घ्यायची, अशी ही व्यवस्था असते. तिला विद्यार्थी अदलाबदल म्हणतात. युरोपात ती १९८७ सालापासून ‘इरास्मस’ या नावाने चालू आहे आणि आता तिच्यात भारतातील विद्यार्थ्यांनाही जागा मिळते. निवडीचे पत्र आले की घरी पेढे वाटले जातात. मग पासपोर्ट, व्हिसा, बँकेचे दाखले यांत दोन-अडीच महिने निघून जातात. या कागदपत्रांविषयी मला येथे लिहावयाचे नाही, ते महाविद्यालयात नीट समजावून सांगतात. मला लिहावयाचे आहे ते त्याच्या पुढचे. लेकरू तिथे पोचले, खोलीची किल्ली मिळाली, दार लावून घेतले. मग पुढे काय? तिथे त्याला चार माणसे जोडता येतात की नाही, यावर ते सहा महिने कारणी लागणार की खोलीत बसून जाणार, हे ठरते. आणि त्यात इथे घरी बसलेल्या आईबापांचा हात आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो.

शेतीच्या क्षेत्रात ही कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतील ‘फोर-एच’ या ग्रामीण तरुणांच्या संघटनेने १९४८ साली शेतकरी तरुणांची देशादेशांत अदलाबदल सुरू केली. पाहुण्याने हॉटेलात उतरायचे नाही; शेतकऱ्याच्या घरात राहायचे, त्याच्या पंगतीला जेवायचे आणि त्याच्याबरोबर गोठ्यात व शेतात राबायचे, हा तिचा पाया होता. बरोबर काम केले की भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते, हे त्या मंडळींनी तेव्हाच ओळखले होते.

आज मी उदाहरण घेणार आहे ते नेदरलँड्सचे, म्हणजे आपण हॉलंड म्हणतो त्या देशाचे. माझ्या कार्यक्षेत्रातील एका डाळिंब बागायतदाराची मुलगी तिथे वागेनिंगेन या गावी एका सत्रासाठी जाऊन आली. तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी माझे पुष्कळ बोलणे झाले, म्हणून हे लिहिता येते आहे. वागेनिंगेन हे ऱ्हाइन नदीच्या काठचे लहानसे गाव. वस्ती चाळीस हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथे १८७६ साली शेतीची शाळा निघाली आणि १९१८ साली तिला उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला. आज तिथे शंभराहून अधिक देशांचे विद्यार्थी शिकतात. तेव्हा परका असा तिथे आपलाच पोर नसतो, निम्मी आळीच परकी असते. हे आधी मनात धरावे.

सहा वाजताचे जेवण

मुलगी ऑगस्टच्या मध्यावर गेली. पहिले दहा-बारा दिवस रोज फोटो येत होते. कालव्यातील बदके, सायकलींची रांग, ढगांचे आभाळ. मग फोटो कमी झाले आणि फोन लांबले. रोज रात्री साडेनऊला, धार काढून, जेवणखाण उरकून, आई-आबा ओट्यावर बसले की व्हिडिओ कॉल लागे. तासभर चाले. मुलगी खोलीत बसून बोले, मध्येच डोळे पुसे. आईला वाटे, बरे झाले, आपण रोज बोलतो म्हणून तरी पोरीला आधार आहे.

आता घड्याळ पाहा. उन्हाळ्यात नेदरलँड्सचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा. आणि डच माणूस संध्याकाळी सहाच्या सुमाराला जेवतो. दुपारी त्याचे जेवण पाव आणि चीजच्या तुकड्यावर भागते. दिवसातले एकच गरम जेवण, तेही सहाला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात आठ-दहा, कुठे त्याहूनही अधिक मुलामुलींमध्ये एक स्वयंपाकघर असते आणि सगळे त्याच वेळी तिथे जमतात. दिवसभरात एकमेकांची गाठ पडते ती तेवढीच. नेमक्या त्या वेळी आपली मुलगी खोलीचे दार लावून घरी बोलत असे. बाहेरच्यांनी दोन-तीनदा दार वाजवले. मग त्यांना वाटले, हिला एकटे राहणे आवडते. त्या लोकांत दुसऱ्याच्या खाजगीपणाचा फार मान असतो. एकदा वाटले की हिला नको आहे, की पुन्हा आग्रह करीत नाहीत. आपल्याकडच्यासारखे ‘अहो, घ्या हो, लाजू नका’ तिथे कोणी म्हणत नाही.

ही गोष्ट घरात प्रथम ध्यानात आली ती आजीच्या. शेजारच्या मास्तरांकडून तिने तिथल्या जेवणाची वेळ विचारून घेतली आणि सुनेला म्हणाली, “अगं, जेवायच्या वक्ताला कशाला लावता फोन? ताटावरनं पोरीला उठवू नये.” पुढे म्हणाली, “मी चौदाव्या वर्षी या घरात आले. माहेरचा सांगावा महिन्यातून एकदा यायचा. रोज आला असता तर मी नांदलेच नसते.” आजीच्या काळच्या सासुरवासाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, त्यात बायांनी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक. पण तिच्या बोलण्यातील मर्म खरे आहे. कांद्याची लागण केल्यावर आपण आंबवणीचे पाणी देतो, ते द्यायलाच हवे. पण पुढे दररोज पाणी सोडत राहिलो तर मुळी वरच्या वर राहते, खाली जातच नाही.

त्या घरात मग असे ठरले की फोन रविवारी दुपारी दोनला करायचा. तिथे तेव्हा सकाळचे साडेदहा असतात, सुट्टीचा दिवस, निवांत वेळ. अध्येमध्ये हवे तर लिहून निरोप पाठवायचा, म्हणजे तिला सवडीने वाचता येईल. अडचण आली तर मात्र तिने केव्हाही, मध्यरात्रीही फोन करावा. हे स्पष्ट सांगून ठेवले होते. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतात आणि अंतर साडेचार तासांचे होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पहिल्यासारखे. वेळ ठरवताना हे लक्षात ठेवावे.)

स्वयंपाकघर हीच चावडी

आपल्याकडे ओळख पारावर होते, एस.टी.त होते, विहिरीवर होते. तिथे ती स्वयंपाकघरात होते. या मुलीची झाली ती फोडणीमुळे. नव्या वेळापत्रकाच्या पहिल्याच आठवड्यात तिने सहा वाजता आमटी करायला घेतली आणि लाल मिरचीची फोडणी दिली. छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते, ते कर्कश वाजू लागले. सगळा मजला खोकत बाहेर. मुलगी लाजेने अर्धमेली झाली. एका डच मुलाने खुर्चीवर चढून ते यंत्र बंद केले, खिडक्या उघडल्या, आणि पातेल्यात डोकावून विचारले, “हे जे काय आहे ते आम्हाला मिळेल का?” त्या रात्री सातजणांत ती आमटी पुरवली. तेव्हापासून तिचे नाव फळ्यावर लागले.

हा फळा काय ते सांगतो. पुष्कळ वसतिगृहांत अशी रीत असते की आज जेवायला कोण कोण आहे ते फळ्यावर किंवा फोनवरच्या गटात लिहायचे. एकाने सगळ्यांचे रांधायचे, खर्च सारखा वाटून घ्यायचा, आणि रांधणाऱ्याने भांडी घासायची नाहीत, ती बाकीच्यांनी घासायची. याशिवाय ओटा, शेगडी, कचरा यांच्या साफसफाईच्या पाळ्या ठरलेल्या असतात.

येथे मला मुलांच्या आयांना चार शब्द स्पष्ट सांगायचे आहेत. मुलगा असला म्हणून त्याला ताट उचलू न देण्याची जी आपली पद्धत आहे, ती तिथे त्याच्या मुळावर येते. स्वयंपाकघरात खरकटे ताट ठेवून खोलीत निघून जाणारा मुलगा चार दिवसांत नावडता होतो, मग त्याचे इंग्रजी कितीही फर्डे असो. आणि डच माणसे तोंडावर सांगतात. ‘काल तुझी पाळी होती, तू केले नाहीस’ एवढे सरळ. त्यात राग नसतो, पण आपल्या मुलाला तो अपमान वाटतो, तो रुसतो आणि स्वयंपाकघरात जाणेच सोडतो. जायच्या आधी दोन महिने त्याला वरणभात, पोळी, एक-दोन भाज्या शिकवा, आणि भांडी घासायची सवय लावा. मला विचाराल तर इंग्रजीच्या शिकवणीआधी हे करा.

इंग्रजीची भीती मुलांच्या मनात फार असते. खेड्यातून मराठी माध्यमात शिकून गेलेली मुले गप्प राहतात. पण त्या स्वयंपाकघरात बसलेला इटालियन, चिनी, मेक्सिकन आणि खुद्द डचसुद्धा इंग्रजी शिकूनच बोलत असतो. कोणाचीच ती आईची भाषा नाही. चुकत बोलणाऱ्याला तिथे कोणी हसत नाही. न बोलणाऱ्याशी मात्र कोणी बोलत नाही. डच भाषेतले पाच-पन्नास शब्द शिकून घ्यावेत. ‘दांक ये वेल’ म्हणजे आभारी आहे, एवढे म्हटले तरी दुकानदारीणबाईचा चेहरा खुलतो.

त्यांचे रीतिरिवाज आणि आपला गैरसमज

काही रीती आधी माहीत असल्या तर मनाला लागत नाहीत. तिथे न कळवता कोणाच्या घरी जात नाहीत. मैत्रीण असली तरी वही काढून ‘पुढच्या गुरुवारी साडेसातला ये’ असे सांगते. आपल्याला वाटते, ही टाळते आहे. ती टाळत नसते. वहीत नाव लिहिले म्हणजे गुरुवार तुमचा झाला. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळते आणि डबा बंद होतो. कंजूषपणा म्हणा हवे तर, पण तो सर्वांना सारखा असतो. बाहेर खाल्ले तर ज्याचे त्याने द्यायचे. मित्राने दुसऱ्या दिवशी फोनवर तुमच्या वाट्याच्या तीन युरोंची मागणी पाठवली तर मैत्री तुटली असे समजू नये.

वाढदिवसाची तर गंमतच आहे. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. आणि शुभेच्छा त्याला एकट्यालाच देत नाहीत. त्याच्या आईचे, भावाचे, जमलेल्या घरच्या माणसांचे, सगळ्यांचे हात हातात घेऊन अभिनंदन करतात. वाढदिवसांचे कॅलेंडर पुष्कळ घरांत संडासाच्या भिंतीवर टांगलेले असते, रोज नजरेखालून जावे म्हणून! आपल्या मुलीने त्या कॅलेंडरवर आपले नाव लिहिलेले पाहिले तेव्हा आपण या मजल्यावरच्या झालो असे तिला पहिल्यांदा वाटले.

ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या ओळखीसाठी विद्यापीठात काही दिवसांचा कार्यक्रम असतो. लहान लहान गट करतात, प्रत्येक गटाला जुने विद्यार्थी वाटाड्ये म्हणून देतात. खेळ, गाणी, गावातून फेरफटका. आपली मुले ‘अभ्यास तर सुरू झाला नाही’ म्हणून तिकीट उशिराचे काढतात. असे करू नये. बी पेरण्याचा वाफसा तोच असतो.

तीन प्रकारची माणसे

परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास स्टीफन बोखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसले की अशा विद्यार्थ्याची मैत्री तीन वर्तुळांत असते. आपल्या देशाची माणसे, त्या देशाची माणसे, आणि आपल्यासारखीच इतर देशांतून आलेली माणसे. आपल्या माणसांत मन मोकळे होते. तिथल्यांकडून अभ्यासाची व व्यवहाराची कामे समजतात. आणि हिंडणे-फिरणे, हसणे-खिदळणे बहुधा तिसऱ्यांबरोबर होते. तिन्ही लागतात. फक्त मराठी किंवा भारतीय मुलांच्या टोळक्यात राहिले तर सोपे जाते, पण मग परदेश खिडकीतून पाहिल्यासारखा राहतो. उलट आपल्या माणसांना मुद्दाम टाळणेही बरे नाही. नेदरलँड्समध्ये मराठी मंडळी गणपती बसवतात, तिथे एक दिवस जाऊन आरती म्हणून आले की महिनाभर पुरते.

आणखी एक जिव्हाळ्याचा ठिकाणा आहे. हेग शहरात सुरिनामी हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे. उत्तर प्रदेश, बिहारकडचे त्यांचे पूर्वज मजुरीच्या करारावर दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेले. पहिले जहाज १८७३ साली पोचले. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यांतील पुष्कळजण नेदरलँड्सला आले. त्यांच्या दुकानांत डाळी, भेंडी, कारली, मिरच्या मिळतात.

या तिन्ही वर्तुळांचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच घरचे आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी एकट्या अमेरिकेला गेल्या. ज्या कार्पेंटरबाईंशी आधी केवळ पत्रांतून ओळख झाली होती, त्यांच्या घरी रोझेल गावी त्या उतरल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या. नाते लावले की परके घर आपले होते, ही आपली रीत त्यांनी तिथेही चालवली. पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना १८८५ साली काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीत आनंदीबाई साडीत आहेत, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत आणि सिरियाची साबात इस्लामबूली आपल्या देशाच्या पोशाखात. तिघीही परक्या मुलखात डॉक्टर व्हायला आलेल्या.

सामान बांधताना

आता थोडे व्यवहाराचे. तूप, पेढे, खवा बांधून देऊ नका. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दूध व मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे. विमानतळावर काढून टाकतात. ताजी फळे, भाज्या, पाने आणि बियाणे यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तेव्हा अंगणातला कढीपत्ता आणि बागेतली डाळिंबेही नकोत. रोग-किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे. शेतकऱ्याने तर तो मनापासून पाळावा. मसाला, शेंगदाण्याची चटणी, पापड द्या, आणि थोडे जास्तीचे द्या, वाटायला. कुकर ॲल्युमिनियमचा नको. तिथल्या पुष्कळ शेगड्या इंडक्शनच्या असतात, त्यांवर तो तापत नाही. स्टीलचा, सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. रेनकोट चांगला घ्या, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. सायकल तिथे जुनी विकत मिळते. रात्री तिला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसेल तर दंड होतो, आणि रस्त्याने उजव्या बाजूने जायचे असते.

दिवस लहान होतात तेव्हा

नोव्हेंबर-डिसेंबर हा कठीण काळ. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, तोही ढगाआड. उन्हात वाढलेल्या पोराला हे फार जड जाते. नॉर्वेचे अभ्यासक स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली, अमेरिकेत राहून परतलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या अनुभवावरून मांडले की सुरुवातीला उमेद, मग उतार आणि नंतर पुन्हा चढ, असा परदेशी माणसाच्या मनाचा आलेख असतो. पुढच्या अभ्यासकांना तो सर्वांना लागू पडलेला दिसला नाही. कोणाला पहिलाच आठवडा सर्वांत वाईट जातो. पण उतार आला म्हणजे काही बिघडले असे नाही, एवढे तरी त्यातून घ्यावे.

अशा वेळी फोनवर रडून ‘ये निघून, आपल्याला काही नको’ असे म्हणू नका. ‘आज कोणाबरोबर जेवलीस?’ असे विचारा. गुणांपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा. मात्र लेकरू जेवत नाही, दिवसा झोपते, वर्गाला जात नाही, बोलणे तुटक झाले आहे, असे आठवड्यांमागून आठवडे दिसले तर तो घरच्या आठवणीचा साधा उमाळा नव्हे. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी सल्लागार आणि मानसतज्ज्ञ असतात. त्यांच्याकडे जायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि खरेच परत यायची वेळ आली तर घराचे दार उघडे आहे, हेही सांगा.

आपल्या मुलीने डिसेंबरात एक युक्ती काढली. मजल्यावरील एका डच मुलीच्या वडिलांचा गोठा होता, शंभराच्या वर गाई, आणि सगळे काम घरच्या तीन माणसांवर. सुट्टीत ती तिच्याबरोबर तिथे गेली. धारेचे यंत्र तिला नवे होते, पण गाय नवी नव्हती. एक वासरू दूध पीत नव्हते, तिने बोट चोखायला देऊन त्याला बादलीशी लावले, जसे आपण लावतो. त्या शेतकऱ्याने तिला पायात घालायला लाकडी जोडे दिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हाक मारून उठवले. पाहुणी म्हणून झोपू दिले नाही, याचाच तिला आनंद झाला.

आता ती डच मुलगी येत्या जानेवारीत इकडे येणार आहे. घरात धांदल उडाली आहे; आबांनी नवी खुर्ची आणली, आई म्हणते गावात घर रंगवायला माणूस मिळेना. मी त्यांना एवढेच सुचवले आहे की पाणी उकळून द्या, पहिले दोन दिवस तिखट कमी घाला, न्हाणीघराला आतून कडी बसवा, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या हातात छाटणीची कात्री द्या.